पुढचं गाणं कोणासाठी?

ऑफिसच्या पार्टीत एक माणूस हमखास असतो. तो आपला फोन स्पीकरला जोडतो, 'थांबा, आता बघाच' म्हणतो आणि त्या वर्षीची तीन सुपरहिट गाणी पाठोपाठ लावून टाकतो. पहिल्या गाण्याला सगळे नाचतात. दुसऱ्याला निम्मे. तिसरं सुरू होईपर्यंत अकाउंट्सवाले पनीर टिक्क्याच्या रांगेत, एचआरच्या मुली बाहेर गॅलरीत आणि फ्लोअरवर तो स्वतः, अधिक त्याचे दोन जिगरी दोस्त! गाणी तर एक नंबर होती. मग माशी शिंकली कुठे?

माशी शिंकते ती 'आता पुढचं काय?' या साध्या प्रश्नावर. गाणं चांगलं की वाईट हे आपल्याला सगळ्यांनाच कळतं. या गाण्यानंतर कुठलं, हे कळायला मात्र जाम वेळ लागतो. गेलं दीड वर्ष मी दर शनिवारी दोन तास तेवढंच शिकतेय. सोमवार ते शुक्रवार मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, आणि वीकएण्डला डीजेइंग. घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईनं भाजी चिरता चिरता विचारलं होतं, "म्हणजे तू वरातीत वाजवणार?"

आईला कुचकट बोलायचं होतं. पण मला या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट खरोखरच एका हळदीच्या मांडवात कळली. तीही कोरेगाव पार्कात नाही, भोंगवलीत!

बटणांचं काम बटणांना

आधी थोडं तंत्र, म्हणजे पुढची गंमत कळेल. मराठीत 'डीजे' हा शब्द हल्ली माणसासाठी कमी आणि स्पीकरच्या भिंतीसाठी जास्त वापरतात. 'डीजे आला' म्हणजे टेम्पो आला! खरं तर डीजे म्हणजे एकामागून एक गाणी निवडणारा माणूस. बाकी सगळी हमाली.

ही हमाली एके काळी फार अवघड होती. टेक्निक्स कंपनीचा एसएल-१२०० हा रेकॉर्ड प्लेअर १९७२ साली आला. त्याच्या १९७९ च्या एमके-२ मॉडेलला उजव्या हाताला एक सरकपट्टी होती. ती वर-खाली करून गाण्याचा वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता यायचा. म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं फार तर १२९.६ पर्यंत पळवता यायचं. बरं, वेग वाढला की सूरही चढायचा. सहा टक्के वाढवलं की आवाज जवळपास अर्धा स्वर वर! एका कानाला हेडफोन लावून पुढच्या गाण्याचे ठोके चालू गाण्याशी जुळवत बसायला लोकांची वर्षं जायची.

आज लॅपटॉपवर 'सिंक' नावाचं बटण असतं. दाबलं की ठोके जुळले. सूर न बदलता वेग बदलायची सोयही असते. मग आम्ही क्लासमध्ये शिकतो काय?

पहिली गोष्ट, मोजायला. घड्याळ लावून १५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा, चारनं गुणा. हा झाला बीपीएम, म्हणजे मिनिटाचे ठोके. हाऊसची गाणी साधारण १२० ते १२८ च्या घरात, हिपहॉप ८५ ते १००, ड्रम अँड बेस १७० च्या पुढे-मागे. आता ८५ ची दुप्पट १७०. म्हणजे वरवर दोन टोकांची वाटणारी ही गाणी एकमेकांत छान बसतात. आहे की नाही मजा?

दुसरी गोष्ट, दारं ओळखायला. नाचाची बहुतेक गाणी ३२ ठोक्यांनी वळण घेतात. नवा ड्रम येतो, गायिका येते, नाहीतर सगळं थांबून फक्त टाळ्या उरतात. १२० बीपीएमचं चार मिनिटांचं गाणं म्हणजे ४८० ठोके, म्हणजेच १५ दारं. पुढचं गाणं यातल्याच एखाद्या दारातून आत आलं की पब्लिकला कळतही नाही. भिंतीतून घुसवलं की लगेच कळतं.

तिसरी गोष्ट आपल्याच मातीतली. आपली काही गाणी आठ मात्रांच्या केरव्यात चालतात, काही सहा मात्रांच्या दादऱ्यात झुलतात. सिंकचं बटण ठोके जुळवेल, झोका कसा जुळवणार? तिथे मधे नुसत्या ढोलाचा किंवा हलगीचा तुकडा टाकायचा, नाहीतर सरळ कट मारून नवीन सुरुवात करायची.

एवढं सगळं सहा महिन्यांत येतं. मी माझ्या लॅपटॉपवर झकास फोल्डर बनवले होते. १०० बीपीएम, ११०, १२०, १२५... प्रत्येकात सुरांनुसार रंग दिलेले. टेस्टिंगवाली आहे ना मी! आमच्या सरांनी ते बघितलं, मान डोलावली आणि म्हणाले, "छान. आता यातलं कुठलं गाणं कधी लावायचं, ते तुला फ्लोअर शिकवेल."

मावश्या, बारकी आणि नाना लोक

आमच्या टीममधल्या एका मुलाची हळद त्याच्या गावी होती. भोंगवली, तालुका भोर. ऑफिसमधले आम्ही नऊ जण दोन गाड्यांतून निघालो. सातारा रोडनं कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका, मग कापूरहोळ, तिथून आणखी पुढे जाऊन हायवे सोडायचा. पोहोचलो तेव्हा मांडवात दिवे लागले होते आणि नवरदेव पिवळाधमक होऊन पाटावर बसला होता.

मांडवाच्या एका कोपऱ्यात डीजे. भिंतबिंत काही नाही. दोन बेस, दोन टॉप, चार लाइट, एक लॅपटॉप आणि माझ्याकडे आहे तसाच छोटा कंट्रोलर. वाजवणारा मुलगा शेवटच्या वर्षाला असेल. नवरदेवाच्या वडिलांनी त्याला दोन गोष्टी आधीच बजावल्या होत्या. आवाज घरातल्या म्हाताऱ्यांना सोसेल एवढाच, आणि दहा म्हणजे दहा. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सणासुदीला सरकारनं ठरवून दिलेले मोजके दिवस सोडले, तर कोणाच्या हळदीलाही सूट नाही.

म्हणजे साडेसात ते दहा, एकूण दीडशे मिनिटं. हळदीत कोणी चार मिनिटांचं गाणं पूर्ण वाजवत नाही. सरासरी तीन मिनिटं धरली तरी पन्नास गाणी. आणि मांडवात माणसं? दोन-अडीचशे तरी. दीड वर्षाच्या बाळापासून ऐंशीच्या आजीपर्यंत!

मी हळूच जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. त्याच्या स्क्रीनवर नजर गेली आणि बघतच राहिले. बीपीएमचा पत्ता नाही. फोल्डरची नावं अशी: 'बारकी', 'पोरं', 'मावश्या', 'मुंबई', 'नाना लोक', 'जेवण', 'आज्ज्या', 'शेवट'.

"हे काय रे?" मी विचारलं.

"माणसं हायेत ताई," तो म्हणाला. "गाणं कुठलं लावायचं ते मागनं बघायचं. आधी बघायचं, आता कुणाला उठवायचंय."

मग त्यानं एकेक फोल्डर समजावून सांगितला. 'बारकी' सगळ्यात आधी. लहान मुलं कशावरही नाचतात, त्यांच्यामागे त्यांच्या आया येतात आणि मोकळा मांडव भरल्यासारखा दिसतो. 'मुंबई' म्हणजे नोकरीला मुंबईत असलेले पाहुणे. ते खुर्चीत पाय पसरून बसतात, पण कोळीगीत लागलं की त्यांना आपण बांद्र्याला नाही, भाऊबंदांत आहोत याची आठवण होते. 'नाना लोक' म्हणजे धोतर-टोपीवाले. ते नाचणार नाहीत, पण जुनी लोकगीतं आणि लावण्या लागल्या की पानाला चुना लावता लावता मान हलवतात. "त्यांची मान हलली की कार्यक्रम चांगला चाललाय म्हणायचा. हिशोब तेच देत्यात," तो डोळा मारून म्हणाला.

'पोरं' फोल्डर सगळ्यात जाड. आणि तो सगळ्यात कमी वापरायचा! का? तर पोरं काहीही लावलं तरी नाचतात. त्यांना गाण्याची गरजच नसते.

चाळीस मिनिटं

आठ वाजून वीस मिनिटांनी त्याला पंगतीचं बोलावणं आलं. माझ्या मित्रानं आधीच सांगून ठेवलं होतं की आमच्या ऑफिसमधली पोरगी 'हे सगळं' शिकतेय. त्यानं हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "ताई, चाळीस मिनिटं सांभाळा. लाइट गेली तर जनरेटर मागं हाय."

समोर काय होतं ते सांगते. मांडवाच्या मधोमध वीस-पंचवीस पोरं गोल करून उड्या मारत होती. धुरळा नुसता! त्यांच्याभोवती मोकळी जागा. आणि त्याच्या पलीकडे, कनातीला टेकून, बायकांची एक लांबलचक रांग. कोणाच्या कडेवर पोर, कोणाच्या हातात पाण्याचा जग. सगळ्यांचे पाय जागच्या जागी ताल धरत होते. पण त्या मोकळ्या जागेत एकही पाऊल पडत नव्हतं. पडणार कसं? मधला घोळका असा वेडावाकडा सरकत होता की धक्का लागायची भीती. नवरदेवाची आई, आमच्या काकू, तीन दिवस मांडवात राबत होत्या. त्यासुद्धा त्याच रांगेत, पदर खोचून उभ्या.

दोन पोरं लगेच कन्सोलपाशी आली. "मॅडम, झिंगाट लावा."

झिंगाट लावलं असतं तर मांडव डोक्यावर घेतला असता पोरांनी. 'सैराट' २०१६ साली आला, आणि त्यानंतर अजय-अतुलच्या त्या गाण्याशिवाय हळद पार पडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण ते आत्ता लावलं की बायकांची रांग आणखी दोन पावलं मागे सरकणार, आणि एकदा मागे सरकलेली माणसं दहाच्या आत परत पुढे येत नाहीत. मी पोरांना म्हटलं, "चौथं गाणं तुमचं. नक्की." आणि 'ऐका दाजीबा' लावलं.

यामागचा हिशोब अगदी सोपा होता. ते गाणं आलं दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला. आज ज्या बायका चाळिशीत आहेत, त्या तेव्हा कॉलेजात नाहीतर नुकत्या लग्न झालेल्या. माणूस अठरा-वीस वर्षांचा असताना ज्यावर नाचला, ते गाणं त्याच्या पायांना डोक्याच्या आधी ओळखू येतं. शिवाय आवाज वैशाली सामंतचा. बाईचा आवाज लागला की बाईला तो आपल्याला हाक मारल्यासारखा वाटतो. आधी दोघी आल्या, एकमेकींचा हात धरून. मग एक वहिनी कडेवरचं पोर नवऱ्याच्या हातात कोंबून आली. गाणं अर्ध्यावर येईपर्यंत मोकळी जागा भरली होती आणि पोरांचा घोळका आपोआप एका कडेला गेला होता. कोणी कोणाला 'सरका' म्हटलं नाही. गाण्यानंच सरकवलं.

त्याच्यानंतर 'कोंबडी पळाली'. 'जत्रा' सिनेमातलं, २००६ चं. यात बारकी पोरंही येतात आणि आनंद शिंदेंचा आवाज ऐकून नाना लोकांच्याही माना हलतात. मग 'मुंबई' फोल्डरमधलं एक कोळीगीत, थोडा दम खायला. दम खाणं फार महत्त्वाचं! सलग पाच गाणी टॉप गिअरमध्ये चालवली की सहाव्याला लोक पाणी प्यायला जातात, आणि पाणी प्यायला गेलेला माणूस थेट जेवणाच्या रांगेत सापडतो. आणि चौथं गाणं, कबूल केल्याप्रमाणे, झिंगाट. पण आता मांडवात पोरांबरोबर त्यांच्या आया होत्या, बहिणी होत्या आणि मधोमध चक्क काकू! पोरं तशीच उडत होती, पण धक्का कोणाला लागत नव्हता. स्वतःची आई शेजारी नाचत असली की माणूस जरा बघून उडी मारतो.

फर्माईश नाकारायची नसते, तिला वेळ द्यायचा असतो, हे मला तिथे समजलं. 'नाही' म्हटलं की भांडण. लगेच 'हो' म्हटलं की जो मोठ्यानं ओरडेल त्याचा मांडव. 'चौथं तुमचं' म्हटलं की तीन गाणी बाकीच्यांना मिळतात, आणि शब्द पाळला की पोरंही खूश.

रिकामा फोल्डर

पावणेनऊच्या सुमारास माझी नजर मांडवाच्या मुख्य खांबाकडे गेली. पाच-सहा आज्या तिथे सतरंजीवर बसल्या होत्या. मघापासून एकही गाणं त्यांच्यासाठी लागलं नव्हतं. मी 'आज्ज्या' फोल्डर उघडला. आत काहीच नाही. शून्य गाणी! मला वाटलं पेनड्राइव्हची काहीतरी गडबड आहे. तेवढ्यात तो मुलगा हात धुऊन परत आला.

"अरे, आज्यांचा फोल्डर रिकामा कसा?"

"रिकामाच असतोय," तो म्हणाला. त्यानं कंट्रोलरवरची पट्टी सावकाश खाली आणली. आवाज कमी कमी होत गेला. पोरं 'ए, काय झालं?' म्हणेपर्यंत तो माईक घेऊन खांबापाशी पोहोचला होता. एका आजींच्या हातात माईक दिला आणि बाजूला उकिडवा बसला.

आजींनी आधी माईक उलटसुलट करून बघितला. मग हळदीची गाणी सुरू झाली. जात्यावर म्हणतात त्या चालीतली. एक आजी ओळ सुरू करायच्या, बाकीच्या ती उचलायच्या. नवरदेवाच्या आईचं नाव आलं, मामाचं नाव आलं, कुलदैवताचं आलं. मागे ना ड्रम ना बेस. अडीचशे माणसांचा मांडव चिडीचूप. मधेच कोणाचं तरी नाव गमतीनं घेतलं गेलं आणि सगळा मांडव हसला. सात-आठ मिनिटं झाली असतील. त्या संध्याकाळची ती सगळ्यात लांब 'लाइन' होती आणि एकही माणूस जागचा हलला नाही.

ही गाणी कुठल्याच पेनड्राइव्हवर नसतात असंही नाही. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम सुरू केलं. त्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. आज त्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', म्हणजे 'पारी'वर वाचता-ऐकता येतात. एक लाख! आपल्यापैकी कोणाच्याही फोनमध्ये एवढी गाणी नसतील. पण भोंगवलीतल्या आज्यांना रेकॉर्डिंग नको होतं. त्यांना त्यांची पाळी हवी होती. त्या मुलाला ते माहीत होतं, म्हणून त्यानं फोल्डर केला आणि रिकामा ठेवला.

आज्यांनंतर त्यानं काय लावलं? एकदम मोठा आवाज अजिबात नाही. आधी नुसती हलगी, हळू. मग त्यावर खंडोबाचं गाणं. आज्या टाळ्या वाजवत होत्या, पोरं पुन्हा आत येत होती. दार एकदम सहज उघडलं.

आधी सगळ्यांना बोलवा

परतताना गाडीत मी याच गोष्टीचा विचार करत होते. आपल्याकडे हा फंडा नवा नाहीच मुळी! लग्नानंतर त्याच घरी जागरण-गोंधळ होणार होता. शेजारच्या पुरंदर तालुक्यात जेजुरी, त्यामुळे या भागात खंडोबाचं जागरण घरोघरी. गोंधळात सुरुवातीला काय करतात? गावोगावच्या देवांना एकेकाचं नाव घेऊन बोलावतात. कोणाला विसरायचं नाही. सगळे आले की मग कथा आणि शेवटी आरती. तमाशाचंही तसंच. आधी गण, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग. शास्त्रीय गाणं घ्या. विलंबित, मग द्रुत आणि शेवटी भैरवी. भैरवी सुरू झाली की कोणी न सांगता लोक मनातल्या मनात चपला शोधायला लागतात. क्रम ठरवणं ही आपली जुनी विद्या आहे. आपण फक्त तिला डीजेइंग म्हणत नव्हतो.

आणि जगात तरी काय झालं? न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ ला कूल हर्क नावाच्या पोरानं आपल्या बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या. त्याच्या लक्षात आलं होतं की काही मुलं गाण्यातला फक्त ड्रमचा तुकडा यायची वाट बघत उभी असतात. मग त्यानं दोन रेकॉर्ड प्लेअर वापरून तेवढाच तुकडा लांबवायला सुरुवात केली. हिपहॉपचा जन्म त्या पार्टीपासून मोजतात. त्याआधी १४ फेब्रुवारी १९७० ला डेव्हिड मॅन्क्युसोनं न्यूयॉर्कमध्येच स्वतःच्या राहत्या जागेत पार्ट्या सुरू केल्या. त्याचं घर पुढे 'द लॉफ्ट' म्हणून गाजलं. त्यानं नंतर तर मिक्सर वापरणंच सोडलं. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण वाजवायचं, मग पुढचं. ठोके जुळवायची भानगडच नाही! तरी लोक रात्रभर नाचायचे, कारण पुढचं गाणं बरोबर असायचं. हर्क असो, मॅन्क्युसो असो की भोंगवलीतला तो मुलगा, तिघांचीही नजर समोरच्या माणसांवर.

आपल्या फोनमधलं अ‍ॅप पुढचं गाणं स्वतःच लावतं, ते चांगलंही असतं. पण ते तुम्ही काल काय ऐकलंत यावरून लावतं. मांडवात कोण उभं आहे आणि कोण अजून बसलंय, ते त्याला दिसत नाही. म्हणून हेडफोनमध्ये ते मस्त चालतं आणि पार्टीत आपटतं.

शेवट

दहाला दहा कमी असताना त्या मुलानं 'शेवट' फोल्डर उघडला. मला वाटलं आता सगळ्यात धिंगाण्याचं गाणं येणार. त्यानं उलट केलं. आधीच्यापेक्षा थोडं संथ, मग त्याहून संथ. म्हणाला, "एकदम वर नेऊन बंद केलं की पोरं म्हणत्यात अजून एक, अजून एक. मग पाहुण्यांत वादावादी, फोन पोलिसांना. उतरवत आणलं की माणसं आपली आपण घरी जात्यात." नऊ अठ्ठावन्नला त्यानं मेन स्विच बंद केला. कोणी 'अजून एक' म्हटलं नाही.

आता तुमच्या कामाचं. पुढच्या पार्टीत फोन स्पीकरला जोडायची पाळी तुमच्यावर आली तर चार गोष्टी करून बघा. एक, पहिल्या अर्ध्या तासात आपल्या आवडीचं काहीही लावू नका. दोन, नाचणाऱ्यांकडे बघू नका, ते नाचतच आहेत. खुर्चीतल्या माणसाचा पाय बघा. तो हलत असेल तर पुढचं गाणं त्याचं. तीन, जमलेल्या माणसांच्या वयातून अठरा वजा करा आणि त्या वर्षांतली दोन-चार गाणी हाताशी ठेवा. तुमचा बॉस पन्नाशीचा असेल तर त्याचं कॉलेज आठवा, चमत्कार होईल! चार, सगळ्यात हिट गाणं खिशात ठेवा. ते लावल्यावर काय होईल ते सगळ्यांना माहीत आहे. ते कोणाकोणाला घेऊन लावायचं, एवढंच तुमच्या हातात आहे.

मी माझे बीपीएमचे फोल्डर तसेच ठेवलेत, ते लागतातच. पण त्यांच्यावर आता नवीन नावं आलीत. 'फ्रेशर्स', 'टीम लीड', 'नाइट शिफ्ट', 'पार्टीला यायचं नव्हतं पण आले'. आणि एक फोल्डर रिकामा आहे. तो कोणासाठी, ते त्या त्या दिवशी ठरेल.

आईनं परवा विचारलं, "मग, वरातीत वाजवणार का?" म्हटलं, आधी तू सांग, तू अठरा वर्षांची कधी होतीस?